तबकडी आतल्या बाजूला

कुंटे चौकात, हेजीबांच्या दुकानात
काचेवर कोपर टेकून मी म्हटलं,
एकच घड्याळ हवंय. एकच.
सगळ्याला चालेल असं.

हेजीबांनी चष्म्यावरून पाहिलं.
'सगळं म्हणजे काय काय?'

म्हणजे बघा, शनिवारी एरंडवण्यात लग्न,
मुहूर्त बारा सतरा, अंगावर मोतिया इरकल.
संध्याकाळी वारज्याला वास्तुशांत,
साडी तीच, वर होमाचा वास.
आणि मधेच कधी फोन येतो,
तेव्हा कपाटातली पांढरी सुती
आणि वैकुंठ.
एरवी पंजाबी ड्रेस, स्कूटर,
कोपरापर्यंत हातमोजे.

तेवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली,
मग मंत्र शिकले.
लोक 'गुरुजी' म्हणायला जातात, अडखळतात,
'बाई' जोडून टाकतात. सवय झालीय.

हेजीबांनी ट्रे काढला.
चामड्याचा पट्टा देवाजवळ नको.
काढून ठेवलं की मी विसरते;
एक बिबवेवाडीत समईमागे राहिलं
ते राहिलंच.
सोनेरी लग्नात खुलेल,
पण तिरडीपाशी हात पुढे करून
'दर्भ द्या' म्हणताना
सोनं चमकलेलं बरं दिसत नाही.
काळी तबकडी मुलीची आई बघेल,
बोलणार काही नाही,
आणि ते न बोलणं पंगत उठेपर्यंत पुरेल.

मुलानं पाठवलं होतं एक, हुशार, एडमंटनहून.
सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायात
मनगट थरथरलं: 'उठा, जरा चाला.'
पोथीतली ती मुलगी अशीच घाईनं उठली होती,
नाव बुडाली.
वैकुंठात त्यानं माझी पावलं मोजली
आणि शाबासकी दिली.
आता ते ड्रॉवरमध्ये असतं, चार्जरसकट.

'मग हे घ्या. पांढरी तबकडी, स्टीलचा पट्टा.
पन्नास मीटर पाण्यात चालतं.'
पंचामृतात?
'पंचामृताचं कंपनीनं काही लिहिलेलं नाही.'

वेळ लावताना म्हणाले,
'पाच मिनिटं पुढे ठेवू? सगळेच ठेवतात.'
नको.

मागच्या माघात सहकारनगरला
तारळेकरांच्या हॉलमध्ये
ते नेमके कधी गेले यावर एकमत होईना.
डॉक्टरांच्या कागदावर एक वेळ,
सुनेच्या डोक्यात दुसरी.
बाईंनी माझं मनगट धरलं.
'यात किती वाजलेत?'
पावणेसहा, म्हटलं.
'चहाची वेळ त्यांची,' म्हणाल्या,
मनगट काही सोडलं नाही.
काचेवर अंगठ्याचा ठसा राहिला.
दुसऱ्या दिवशी बारशाला जाताना
म्हात्रे पुलाच्या सिग्नलला
हातमोजा काढून पदरानं पुसला.
एकदम नाही पुसवला.

हेजीबांनी पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या,
घड्याळ मनगटावर चढवलं, आरसा पुढे केला.
मी तबकडी फिरवून आत घेतली, नाडीच्या बाजूला.
एक्स्चेंजमध्ये आम्ही सगळ्याच अशी घालायचो;
कॉर्ड ओढली की वेळ आपोआप समोर.

'अहो, मग रंगाचा एवढा काथ्याकूट कशाला केलात?'
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पावती घेतली.

शनिवारी बारा सतराला
अंतरपाट धरलेला,
मुलीचा मामा धायरी फाट्यावर अडकलेला,
मुलगी खोलीतच, त्याच्याशिवाय निघत नव्हती.
कार्यालयातलं घड्याळ कधीचं बंद.
दोन्हीकडचे माझ्याकडे बघायला लागले.
मी मनगट उलटं केलं.
बारा एकोणीस.

'आहे अजून वेळ,' म्हटलं,
आणि अक्षता पुन्हा एकदा
मागच्या रांगेपासून वाटायला सांगितल्या.